हिरवा चिमटा

१ नोव्हेंबर, लॉसीचा समुद्रकिनारा

केस धुतले! गरम पाण्यानं! फर्गसला सांगायचं नाही.

सकाळी गवत पांढरंफटक, आणि दांडी पडलेली. म्हणजे बॉयलरमधलं सगळं पाणी चूल-पलंग असलेल्या आमच्या फिरत्या गाडीखाली सांडून गेलेलं. ती दांडी त्यासाठीच आहे म्हणा. गारठा वाढला की आपली आपण खाली पडते, पाणी सोडून देते, आत बर्फ होऊन बॉयलर फुटत नाही. शहाणी आहे. पण डोक्यात आठवड्याचं मीठ आणि वाळू घेऊन बसलेल्या बाईला तिच्या शहाणपणाचं काय करायचंय? वर ओढली, पडली. परत ओढली, परत पडली! शेवटी कपड्यांच्या दोरीवरचा हिरवा चिमटा काढला आणि दिला दांडीला लावून. बसली मुकाट.

फर्गस तेवढ्यात बंदरावर मासे आणायला गेला होता. चिमट्याचं नुसतं नाव काढलं तरी भडकतो. दर हिवाळ्याआधी असल्या गाडीवाल्यांच्या क्लबातल्या लोकांना हॉलच्या आवारात जमवून गाडीतलं पाणी कसं काढायचं ते शिकवतो ना, तेव्हा शेवटचं वाक्य ठरलेलं — "दांडीला चिमटा लावणाऱ्यानं गाडी विकावी आणि हॉटेलात जाऊन राहावं!" सगळे हसतात. मीही हसते.

परत आल्यावर म्हणाला, "केस छान दिसताहेत गं." मी चहा ओतत राहिले.

९ नोव्हेंबर, घरी

गाडी हिवाळ्यासाठी रिकामी केली. एरवी फर्गस मला हात लावू देत नाही. आज त्याची पाठ धरली होती, म्हणून तो बाहेर पावसात छत्री घेऊन आणि मी आत. खालची टाकी त्यानं सोडली. मग बाहेरून हुकूम — "नळ सगळे उघडे! मधोमध ठेव, गरम-थंडच्या मध्ये! शॉवर खाली ठेव जमिनीवर! आता पंप!" पंप घरघरला, नळ थुंकले, थांबले. एवढं आवडतं त्याला हे सगळं, की पाठदुखीसुद्धा विसरतो.

शेवटी ओरडला, "दांडी पडली का?"

"पडली!" म्हटलं.

पाहिली नव्हती. ती पलंगाखाली. गादी उचला, फळी काढा, वाका — अंगात चांगला कोट, शेजारच्या जेसीकडे जेवायला जायचं. थंडीत पडतेच की ती आपोआप. बाहेर पाऊस इतका, की गाडीखाली कुठलं पाणी आणि कुठलं काय, त्यालाही कळलं नसणार. जेसीनं खिम्याबरोबर बटाटे केले होते. जरा खारट.

१४ डिसेंबर

चादरी स्वयंपाकघरात वाळत घातल्या. एक चिमटा कमी पडला.

चिमटा! अगं बाई. तो तसाच आहे दांडीला! आणि बॉयलर भरलेला!

आत्ता जाऊन काढायला काय होतं? पण फर्गस खिडकीशीच बसलाय पेपर घेऊन. एवढ्या थंडीत गाडीत कशाला चाललीस, विचारेल. मग चिमटा सांगावा लागेल, मग ते "पडली" पण सांगावं लागेल. उद्या तो गावात गेला की काढते.

१५ डिसेंबर

बर्फ गाडीच्या पायरीपर्यंत. नाही गेले.

६ जानेवारी

सगळा आठवडा नुसता कडाका. टॉमिंटोल गावात कुणाचे नळ चालू नाहीत म्हणतात. गाडीकडे पाहायचं टाळते. गोठायचं ते कधीच गोठलं असेल, आता चिमटा काढून काय होणार? असं म्हटलं की जरा बरं वाटतं. मग नाही वाटत.

८ मार्च

फुटला.

फर्गस सकाळपासून खुशीत. नळी लावून टाकी भरली, शीळ घालत पंप सुरू केला. पंप थांबेचना. नळ बंद असले की तो आपला थांबतो. आज घर्रर्र चालूच. मग पलंगाखालून पाणी आलं, गालिचा भिजला. फर्गस पालथा पडला, टॉर्च घेऊन डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेरच येईना. मी दारात, हातात फडकं.

बाहेर आला तेव्हा तोंड राखेसारखं. "वरपासून खालपर्यंत चीर गेलीय," म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिला.

"सेंगा, तेव्हा दांडी पाहिली होतीस का गं तू?"

सांगायचं होतं. खरंच तोंडाशी आलं होतं! आणि तोंडातून निघालं काय — "मला नाही बाई आठवत."

त्यानं टॉर्च विझवला. मग म्हणाला, "मीच विचारलं नसेन. हो, मीच विसरलो असेन विचारायला."

पण त्यानं विचारलं होतं! पावसातनं ओरडून विचारलं होतं. अजून कानात आहे माझ्या. आणि हा विसरला? त्याच्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी स्वतःच्या घरात स्वयंपाकघर कुठं म्हणून विचारायची.

९ मार्च

तो दुकानात गेला तेवढ्यात जाऊन पाहिलं. गादी उचलली, फळी काढली. दांडी खाली पडलेली. चिमटा नाही! कोपऱ्यात हात घालून चाचपलं, बॉयलरमागे पाहिलं. कुठंच नाही.

म्हणजे लॉसीलाच काढला होता की काय मी? केस पुसता पुसता? मग माझा काय दोष! दिवसभर स्वतःला हेच सांगतेय. आणि मनातली दुसरी सेंगा दिवसभर हसतेय मला. तिला डिसेंबरातच आठवला होता ना चिमटा, आणि तरी ती गेली नाही.

१३ मार्च

क्लबाचा चहा. जायचंच नव्हतं. पण फर्गस म्हणाला, तोंड लपवून कुठं बसायचं? आर्चीला कुठून तरी कळलेलंच. नवी कोरी गाडी घेतल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत. भर हॉलमध्ये, कपात चमचा वाजवून —

"ऐका हो! लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आपल्या गुरुजींचाच बॉयलर फुटला!"

हशा! कुणीतरी ओरडलं, "फर्गस, चिमटा लावला होतास काय रे?" अजून हशा. मी हातातल्या बिस्किटाचा चुरा केला.

फर्गस उठला. वाटलं, आता आर्चीची खरडपट्टी काढतो. तर हसला नुसता. "माझंच चुकलं रे बाबांनो. दांडी पाहायची राहिली. वय झालं. पुढच्या खेपेला आर्ची शिकवेल तुम्हाला." आणि खाली बसला. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

मी शेजारी मूग गिळून बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं — मी लावला चिमटा. एवढंच! नाही बोलले. जेसीनं माझा हात दाबला, म्हणाली, "तुझी कमाल आहे बाई, किती शांतपणे सांभाळतेस त्याला." मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना गाडीत त्यानंच माझ्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं.

१७ मार्च

तो सारखा लॉसीचं काढतो.

"त्या सकाळी मी मासे कुठले आणले होते गं?" "नाही आठवत." "एवढ्या गारठ्यात तू केस धुतलेस ना? गरम पाणी कुठून आलं?" "कोण जाणे रे! मला काय आठवतंय आता!" हॅडक आणला होता, धुरावलेला. दुधात घालून सूप केलं होतं, दोनदा मागून घेतलं त्यानं. सगळं लख्ख आठवतंय. पण लॉसीचं दार उघडलं की चिमटा बाहेर येणार, म्हणून मी दारच लावून घेते. बिचारा आपल्या आठवणी चाचपून बघतोय आणि मी त्याला काठीसुद्धा धरू देत नाही.

आज मी लापशी करपवली. त्याआधी परवा साखरेऐवजी मीठ. लक्षच लागत नाही. त्यानंच भांडं घासून ठेवलं.

२० मार्च

शेगडीच्या वर कागद चिकटवलाय त्यानं — गॅस बंद केला का? मोठ्या अक्षरात. मागच्या दाराला दुसरा — किल्ली? स्वतःसाठी लावतोय, आणि स्वतःची लाज झाकायला म्हणतो, "आपल्या दोघांसाठी गं."

गाडीच्या किल्ल्या खुंटीवर नाहीत. विचारलं तर म्हणे, "असू देत माझ्याकडे. गाडी विकूया, सेंगा. पुरे झालं आता फिरणं." ज्या माणसानं त्या खटाऱ्याचा एकेक स्क्रू स्वतःच्या हातानं बदलला, तो म्हणतोय विकूया! माझ्यामुळे. एका चिमट्यामुळे नाही, माझ्या तोंडामुळे. चिमट्यानं बॉयलर फुटला, तो दुसरा बसवता येतो.

शोनाचा फोन आला अ‍ॅबर्डीनहून. रडवेली. "आई, बाबांनी सांगितलं मला सगळं. घाबरू नकोस हं. आम्ही आहोत." म्हटलं, मी नाही घाबरत बाळा, बाबांचीच काळजी वाटते. तर ती आणखी रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय, म्हणाला. २६ला. "तू पण चल." चलणारच की!

२२ मार्च

आज गाडीची टाकी धुतली. "विकायची तर स्वच्छ द्यायची, पुढच्या माणसाच्या पोटात आपली घाण नको," म्हणाला. बॉयलर बाजूला काढून नळी थेट जोडली. टाकीत औषध घातलं, काठोकाठ भरली. मग पुन्हा तसंच — तो बाहेर, मी आत. एकेक नळ सोडायचा, औषधाचा वास आला की बंद करायचा, म्हणजे सगळ्या नळ्यांत औषध पोचलं. मग ते मुरू द्यायचं, नंतर साध्या पाण्यानं धूत राहायचं, वास जाईपर्यंत.

बाहेरून विचारलं, "स्वयंपाकाच्या नळाला आला का वास?"

"आला!"

आणि तो आत आला. चिखलाचे बूट काढून, पाठ धरून, पायरी चढून. नळ सोडून स्वतः हुंगला. परत बाहेर गेला. "बेसिनला आला का?" "आला!" परत आत. प्रत्येक नळाला.

खरोखर आला होता हो वास! नाकाला झोंबत होता. पण माझ्या "आला"ला आता किंमत नाही. असायची कशाला? त्याला वाटत असेल, आता कुणाच्याच सांगण्यावर — स्वतःच्या डोक्यावरसुद्धा — भरवसा ठेवायचा नाही. शेवटच्या खेपेला मी त्याची बाही धरली. "फर्गस, एक सांगायचंय." तो थांबला. इतक्या मायेनं पाहिलं माझ्याकडे! "सांग की." म्हटलं, "चहा ठेवू का?"

थू माझ्या जिनगानीवर.

२५ मार्च

उद्या. डॉक्टरीणबाई त्याला वार, महिना विचारतील, घड्याळाचं चित्र काढायला लावतील. त्याच्या आईला लावलं होतं. तिनं सगळे आकडे एका कडेला काढले होते. तो तेव्हा पार्किंगमध्ये जाऊन रडला होता.

त्याला काही झालेलं नाही. तो विसरलेलाच नाही. त्याला मी विसरायला लावलंय. मी एक वाक्य बोलले की तो उद्या कुठं जायला नको. गाडी विकायला नको. आर्चीला चार शब्द सुनावता येतील.

मग मला काय म्हणेल? चिमट्याचं चालेल. "पडली"चंही एक वेळ चालेल. पण त्या हॉलमध्ये मी शेजारी बसले होते.

तो आत्ता माझा निळा कोट ब्रशनं झाडतोय, उद्यासाठी. स्वतःचा खुंटीवर तसाच लोंबतोय.

सकाळी सांगेन. निघायच्या आधी. नक्की.

२६ मार्च

सकाळी नाही सांगितलं.

नर्सनं दारातून नाव पुकारलं — "सेंगा मॅकहार्डी." त्याचं नाही. माझं!

तो माझा हात धरून आत आला. डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "हिला सांगितलं नव्हतं, घाबरली असती." मग खिशातून हिरवा चिमटा काढून टेबलावर ठेवला. "बॉयलर फुटला त्याच दिवशी मिळाला मला, दांडीला लावलेला. हिनंच लावला आणि हिला काहीच आठवत नाही. लॉसीचंसुद्धा काही नाही. माझ्या आईचं पण असंच…"

डॉक्टरीणबाईंनी चिमटा माझ्यापुढं सरकवला. "हा कुठं लावला होता, आठवतंय का तुम्हाला?"

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं मला जन्मभर जपलं असतं.

म्हटलं, "आठवतंय. पहिल्या दिवसापासून सगळं आठवतंय."

केवढा उजळला त्याचा चेहरा! आणि मग त्यानं माझा हात सोडला.