डाव्या वळणाची गोगलगाय आणि संक्रांतीचं वाण

१२ जुलै, शनि.
स. अनंताच्या कुंडीवर गोगलगाय. चहाच्या नादात उचलून फेकणार होते, तेवढ्यात थांबले. टोक वर धरलं तर तोंड डावीकडं. म्हणजे वळण उलटं! आमच्या गारखेड्यात मी पाहिलेल्या सगळ्या गोगलगायी उजव्या. चष्मा पुसून परत पाहिलं. डावीच.
बावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतेय. बेडूक, झुरळं, दुसऱ्यांचे शोध. माझ्या नावावर स्वतःची एक नोंद नाही. फोटो काढून पुण्याच्या सरांना मेल केला. गोगलगायी म्हणजे त्यांचाच विषय.

१४ जुलै
सरांचं उत्तर! ही कोकणातली, फार तर घाटापर्यंतची. आपल्याकडची नोंद कुठंच नाही. आणखी दोन-तीन जिवंत पाठवा म्हणाले.
पळत अंगणात गेले तर सासूबाई पायरीवर, पुढ्यात बादली. दोन सापडल्या होत्या, दोन्ही मिठाच्या पाण्यात. मला रडूच आलं.
"आगं, सोयाबीनमधी निघाल्या की आम्ही मीठच घालतो," आई म्हणाल्या. "तुला पाळायच्यात हे आधी सांगायचं ना."
मीठ कपाटात वर ठेवलं. वरण अळणी झालं.

१९ जुलै
रोज स. सहाला गल्ल्या पालथ्या घालतेय. लोकांच्या कंपाउंडवरून वाकून बघते. एका काकांनी विचारलं, मॅडम, काही हरवलं का. म्हटलं, सापडतंय.
आज शेजारच्या शेख भाभींनी डबा परत दिला. ईदेनंतर आम्ही त्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या. रिकामा डबा त्या कधी देत नाहीत. उघडला तर आत चार गोगलगायी, पाल्यावर नीट मांडलेल्या.
"तुम ढूंड रए बोले," म्हणाल्या. "मेरा पूरा गमला खा गए जी."
चारही डाव्या. भाभींना मिठी मारली. त्या जरा घाबरल्याच.

२३ जुलै
नकाशावर अकरा ठिपके. एकटीदुकटी गोगलगाय नव्हे, सगळ्या गारखेड्यात वस्ती! मनात लेखाचं शीर्षकसुद्धा तयार. क्रांती चौकातून पेढे आणले.
आईंना नकाशा दाखवला. त्यांनी एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. ही देशमुखीण. ही तायडेबाई. ही कोपऱ्यावरची, जिनं ओटीतले तांदूळ सांडले होते.
"हे तर आपल्या हळदीकुंकवाचे घरं," म्हणाल्या.
हातातला पेढा खोक्यात परत ठेवला.
संक्रांतीला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, पर्यावरणाचा विचार करायचा, वाण म्हणून रोपं द्यायची, ही कल्पना कोणाची? माझी. सगळ्या बायकांसमोर भाषणही केलं होतं. रोपं अनंताची. भाभी हळदीकुंकवाला येत नाहीत, तर मी स्वतः घरी नेऊन दिलं. आणि काळ्या मातीत अनंत रुसतो म्हणून वैशालीताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, चिपळूणहून तांबड्या मातीचं पोतं आणलं होतं. आईंनी प्रत्येक कुंडीत त्यातली ओंजळभर घातली.
मातीत अंडी असणार, दुसरं काय. कोकणातली गोगलगाय मी हळदीकुंकू लावून घरोघरी वाटली.

२४ जुलै
सरांचा प्रश्न आलाय: परिसरात बाहेरून झाडं-माती आलेली नाही ना?
दिवसभर उत्तर दिलं नाही. वैशालीताईंचं नाव नाही काढलं तर कोणाला कळणार आहे? पण विद्यार्थ्यांनी आकृतीत खोटी नस दाखवली की मीच कान उपटते.
रा. जेवणाआधी सगळं लिहून टाकलं. पोत्यासकट.

२६ जुलै
सर भले माणूस. हसले असणार, पण मेलमध्ये दिसत नाही. माणसानं आणलेली, एवढी छोटी टीप होईल म्हणतात. पोत्याच्या आधीचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी.
आधीचा पुरावा कुठून आणू. उरलेले पेढे कामवालीला दिले. फार वाईट वाटतंय.

२८ जुलै
आज आईंनी ट्रंकेतून एक गंजका डबा काढला. माहेरचा. सागरगोटे, चिंचोके, एक बांगडीचा तुकडा. आणि एक शंख. पांढराफटक, टोक झिजलेलं.
टोक वर धरलं. तोंड डावीकडं.
कुठं सापडला, विचारलं. माहेरी, बिडकीनजवळ, मळ्यातल्या विहिरीच्या काठावर. उलटा शंख ज्याच्याकडं, तो खेळात हरत नाही, असं पोरी म्हणायच्या.
"आधी का नाही दाखवला?"
"तू जित्त्या मागत होतीस."

२९ जुलै
वैशालीताईंना फोन केला. त्या म्हणे, तो डबा दोन वर्षं चिपळूणला आमच्याकडंच होता, मुलं खेळायची, त्यांनी काय काय टाकलं असेल देव जाणे.
आईंना सांगितलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि लेकीला शांतपणे म्हणाल्या, "माझा शंख मला वळखू येत नाय व्हय?" आणि फोन मला परत दिला.

३ ऑगस्ट, रवि.
आईंना घेऊन बिडकीनला गेले. मळा केव्हाच विकलेला. विहिरीच्या जागी कारखान्याची भिंत. आई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, मग बारा पावलं मोजून म्हणाल्या, हितं. वॉचमन बघत होता. मी गुडघ्यावर बसून गवत चाळलं. पाऊस नाही आठ दिवस, माती कोरडी. एक उजवी सापडली, मेलेली.
परतताना आई म्हणाल्या, मला खोटं नाय पाडायचं कोनी. मी म्हटलं, नाही पाडणार. आणि खरंच, माझा विश्वास आहे. पण विश्वासाला स्थळ-सालाची चिठ्ठी लागत नाही, शंखाला लागते.

५ ऑगस्ट
शंख कापसात घालून काडेपेटीत ठेवला. उद्या पुण्याला पाठवायचा. सरांना डब्याचं चिपळूणसुद्धा कळवलंय.
चिठ्ठी लिहायला बसले. स्थळ: बिडकीनजवळ, विहिरीचा काठ. संग्राहक म्हणून आईंचं नाव लिहिलं, माहेरचं, कंसात वय नऊ. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. तुझं का नाही, म्हणाल्या. म्हटलं, सापडला तुम्हाला. मग त्यांनी पदराला डोळे पुसले आणि म्हणाल्या, सरांचं बघून झालं की शंख परत मागून घे हां.
साल कोणतं, विचारलं.
खूप आठवून म्हणाल्या, "आमची तांबडी म्हैस हिरीत पडली ना, त्या साली."
पेन्सिलीनं तेच लिहिलंय.