आईची निर्जळी

दिघा, मंगळवार, १९८६

बापाचं गावाहून पत्र आलं, परत तेच, ‘बाळंतपणं झाल्यावर बायकांचं असं व्हायचंच, चिरफाड कशाला?’ त्याला काय जातंय? नुसतं खोकलं तरी आईचं लुगडं भिजतं.

मागं तिला माझ्याकडं घेऊन आलो तेव्हा एसटीत पाण्याला शिवली नाही. म्हणाली, ‘निर्जळी हाय रे.’ मी येड्यानं खरं धरलं! ती निर्जळीच डोक्यातून जात नाही.

गेल्या महिन्यात आणून दाखवलं तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटावरच्या पडद्याचीच पट्टी काढून लघवीच्या वाटेखाली झोळीसारखी बांधतात, बऱ्याच जणींना गुण येतो. आईनं हळूच विचारलं, ‘मग हसता येईल ना?’

म्हणजे हसायचीही चोरी होती? इतकी वर्षं?

आता बापाला विचारत बसणार नाही. ऑपरेशनसाठी गावी आईच्याच नावानं मनिऑर्डर करतो, सातशे रुपये.