ओरडल्यावर येणारी गाठ

ती. दादा,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण मानेला टाके आहेत.

फळबाजारात लिलाव पुकारला की गळ्यापाशी गाठ येते आणि गप्प बसले की जाते, हे मी तुला दहादा सांगितलं. तू एवढा मोठा डॉक्टर! दुसऱ्याच कुणाशी फोनवर बोलता बोलता माझ्या गळ्याला दोन बोटं लावलीस आणि म्हणालास, "गाठबीठ काही नाही, मनाचे खेळ आहेत. भोंग्या, जरा गप्प बसत जा." वर झोपेच्या गोळ्या दिल्यास. मी लिलावात पेंगायला लागले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाजारात पुकारता तसं पुकारा." मी पुकारलं. गाठ त्यांच्या हाताखाली टम्म फुगली. मग नाक-तोंड दाबून जोर करायला लावला आणि तेव्हाच स्कॅन काढला. श्वासनळीला हवेची पिशवी आली होती. क्वचित कुणाला होते म्हणे. त्यांनी ती कापून काढली, भोक शिवलं. तुला नुसतं "ओरड" म्हणायचं होतं रे! पण मला असं म्हणायला तुझी जीभ वळली असती तर ना.

हे पत्र टाकणार नाही. तू तेही फोनवर बोलत बोलत वाचशील.

घरी सोडताना बाईंनी विचारलं, "आधी कुठल्या डॉक्टरला दाखवलं होतं?"

"डॉक्टरला नाही," मी म्हटलं, "भावाला."

तुझी,
भोंगा