कामशातची चाळीस बदकं

कामिस्कोल, ११ सप्टेंबर

चि. बलनूरला कामशातआपाचे अ. उ. आ.

तळ्यावर चार हंस मरून पडलेत. काल ओरिनबेकभावजींची बदकं मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. सकाळपर्यंत निम्मी गेली. मला बर्ड फ्लूच वाटतो. तुमच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवलाय. भावजींना म्हटलं, सगळ्या गावाची बदकं मारून पुरावी लागतील. तर म्हणाले, गुरांच्या डॉक्टरीणबाई, आधी तळ्याला इंजेक्शन द्या की! जाऊबाईंनी तर आजारी बदकं हिवाळ्यासाठी कापून सोलूनही ठेवलीत. माझी चाळीस अजून ठणठणीत आहेत, म्हणून लोकांना सांगताना जीभ रेटत नाही.

तुझी आपा

अल्माटी, १५ सप्टेंबर

ती. आपास, शि. सा. न. वि. वि.

तुझा अंदाज खरा ठरला. अधिकाऱ्यांना फोन केलाय. ते मांस लगेच पुरायला लाव आणि सोलणाऱ्यांवर दहा दिवस लक्ष ठेव. हा विषाणू अजून माणसातून माणसात सहज जात नाही. पण जितक्या माणसांत शिरेल तितकी त्याला ते शिकायची संधी. कुणाच्या अंगात साधा फ्लू आणि हा, दोन्ही एकत्र आले तर काय निपजेल, याचीच आम्हाला धास्ती. म्हणून ताप आलेल्याला पक्ष्यांजवळ फिरकू देऊ नकोस. तूसुद्धा! लहानपणी तापातही मेंढ्यांमागे धावायचीस, म्हणून बजावते.

लोभ आहेच, आता काळजीही.

तुझी बलनूर

कामिस्कोल, २ ऑक्टोबर

चि. बलनूरला ओरिनबेकचे आशीर्वाद.

वहिनीला अजून अशक्तपणा आहे, म्हणून मी लिहितोय. सरकारी माणसं आली तेव्हा गावाने दारं लावून घेतली. वहिनीने भर रस्त्यात स्वतःची चाळीस धडधाकट बदकं आधी दिली. मग एकेक दार उघडलं, पहिलं माझं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. ती न्हाणीघरात जाऊन बसली, नवऱ्यालाही आत येऊ दिलं नाही. पुढचं पुरायचं काम मी मास्क लावून केलं. ती आतून ओरडून शिकवत होती. साधा फ्लू असल्याचा तुमचा निरोप आला, तरी ताप उतरेपर्यंत बाहेर आली नाही. रोज एकच विचारायची, जाऊबाईंना खोकला नाही ना?

काल बाहेर आली. रिकाम्या अंगणाकडे बघितलं. माझ्या बायकोच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. तेव्हा पायरीवर बसून ढसाढसा रडली.

अशी मुलगी आमच्या घरात दिलीत. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

ओरिनबेक