आईची चक्कर

बाबा, आई आज एकटी धसईच्या बाजारात जाऊन आली. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आता ओरडायचं तरी कुणावर? म्हणून लिहितेय.

ती लावणी आठवते? आई रोपांची जुडी घ्यायला वाकली आणि सरळ होताना चिखलात आडवी झाली. बाया धावल्या. तुम्ही बांधावरूनच म्हणालात, "ऊठ गो! काम दिसलं का बरी चक्कर येते तुला." बाया हसल्या. आईने तोंडावरचा चिखल पुसला आणि त्यानंतर चक्कर हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. नुसती भिंत धरून चालायची, गोधड्यांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. महिनाभर बरी असायची, मग पुन्हा तेच. तुम्ही भगताचा अंगारा आणलात. त्याने उतार पडेना तेव्हा ती ढोंगी आहे हे तुम्ही ठरवूनच टाकलंत. मुरबाडला मामाच्या मुलीचं लग्न. आई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी, आणि तुम्ही म्हणता, "तू नको येऊस. चारचौघांत पडशील, माझी लाज काढशील." आम्ही गेलो. ती राहिली.

गेल्या दिवाळीआधी ती न्हाणीत पडली, मनगट मोडलं. मी तिला शहापूरला माझ्याकडे नेलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि पडली कशी ते ऐकून फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. पोरसवदाच मुलगी. तिने विचारलं, "आजी, कुशीवर वळलात की घर फिरतं का?" आई माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. "फिरतं गो," ती हळूच म्हणाली. मॅडमने तिला खाटेवर आडवं करून मान एका बाजूला वळवली, डोकं जरा खाली सोडलं. आईची बुबुळं थरथरायला लागली, तिने माझा हात घट्ट आवळला. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलतीकडे गेलेत, असं मॅडम म्हणाली. मग मान सावकाश दुसरीकडे, मग कुशीवर, मग उठून बसवलं. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ. दोन खेपांत फिरणं थांबलं. पडायची भीती मात्र अंगात मुरली होती. त्यासाठी तीन महिने व्यायाम केला: अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायची, पाय जुळवून उभं राहायचं, फरशीच्या रेघेवरून चालायचं.

पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर आई म्हणाली, "येवढंच व्हतं?"

एवढंच होतं, बाबा! तुमच्या काळात इथे अशी मॅडम नव्हती, मान्य. पण तिला खरं मानायला कुठली मॅडम लागत होती? तुम्ही एकदा तिचा हात धरून तिला मांडवात नेलं असतंत तर काय झिजला असतात? माझा राग जात नाही. आई तुमच्या फोटोला रोज फूल वाहते, त्याचाही मला राग येतो.

आता इथे गावच्या घरी ती समोर बसून भाजी निवडतेय. मघाशी म्हणाली, "काय लिवतेस गो येवढं?" तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, सामानाची यादी. खरं सांगायचं तर माझ्या साखरपुड्याला तिने पाटापर्यंत यायला माझा हात मागितला होता. सासरची माणसं बघत होती. मी दातओठ खाऊन म्हटलं, "आज तरी नाटक नको गो." हे तिला अजून मी विचारलेलं नाही, की तिच्या लक्षात आहे का.