ठराव क्रमांक सात

मंगळ., २१ एप्रिल
डायलिसिस ६१. पहाटे साडेचारला उठलो, घरी पोचायला संध्याकाळचे पाच. मंदाचे मशीनवर चार तास, बाकी सगळा दिवस रस्त्यात नि रांगेत. आम्ही बावड्याच्या पुढं, दवाखाना बारामतीला, करणार काय. रशीदभाईंची वडापची जीप, एरवी गावोगाव सवाऱ्या भरणारी, मंगळवार-शुक्रवार आमचीच. मधल्या सीटवर मंदा आडवी, मी पुढं. येताना निमगाव केतकीच्या अलीकडं तिला उलटी झाली. रशीदभाई म्हणाले, "वहिनी, सावकाश होऊ द्या. गाडी काय, धुतली की झाली."

गावात शिरताना सरकारी दवाखान्यामागची ती खोली दिसते. फरशी झाली, पाणी शुद्ध करायचा प्लांट बसला, दारावर "डायलिसिस कक्ष" अशी पाटी लागली. दोन मशीन मंजूर आहेत म्हणे, येत नाहीत एवढंच. दिवाळीपासून कुलूप बघतोय. तिकडं बघायचं नाही असं रोज ठरवतो आणि रोज बघतो.

बुध., २२ एप्रिल
हॉटेलात चहाला गेलो ते चुकलं. टीव्हीवर युद्ध चालू. दुसऱ्यांचं युद्ध, दुसऱ्यांचा देश, आणि आमची मंडळी मॅच बघावी तशी बघतायत. मधेच बातमी आली, आपणही मित्रदेशाला मदत देणार, शिवाय नवीन शस्त्रं घेणार. सोपानतात्यांनी टाळी वाजवली. म्हटलं, "तात्या, त्यातल्या एका क्षेपणास्त्राच्या किमतीत आपल्या खोलीतली दोन्ही मशीन आली असती."

"देशाचा प्रश्न हाय मास्तर. मधीच मशीन कुठं आणता?"

देश म्हणजे काय? माझी बायको परदेशी आहे का? असं तोंडावर विचारलं. मग कुणीतरी आवाज वाढवला टीव्हीचा. चहा अर्धा टाकून उठलो. ज्यांचं भांडण त्यांच्या सरकारांनी घरं विकून लढावं, आम्हाला कशाला ओढतात त्यात? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सोम., २७ एप्रिल
मशीनसाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं. "आंतरराष्ट्रीय युद्धजन्य परिस्थिती विचारात घेता प्राधान्यक्रमात बदल झाल्याने सदर यंत्रसामग्री तूर्त उपलब्ध करून देता येत नाही." तीनदा वाचलं. तूर्त म्हणजे किती ते लिहिलेलं नाही.

हल्ली सगळंच युद्धामुळं. खताच्या दुकानात विचारा, युद्धामुळं. गॅस का आला नाही, युद्धामुळं. न्हाव्याची नवी खुर्ची यायची होती, तीही युद्धामुळं अडली. मागं सगळं करोनामुळं होतं, तेव्हाही खुर्ची आली नव्हती.

मंदाला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." आणि कूस बदलून झोपली.

गुरु., ३० एप्रिल
उद्या १ मेची ग्रामसभा. ठराव मांडायचा ठरवलं. शुक्रवार म्हणजे मी बारामतीत, वाचेल दुसरं कुणी. काल रात्री कच्चा लिहिला: "शासनाने परदेशातील युद्धांपायी होणारा खर्च करण्याआधी गावास मंजूर असलेली दोन डायलिसिस यंत्रे द्यावीत." पत्रात युद्धाचं कारण त्यांनी लिहिलं, मी नाही. मग ठरावात युद्ध येणारच.

सकाळी ग्रामसेवक भाऊसाहेबांना दाखवला. पोरगा तसा वाईट नाही, पण घाबरट. "मास्तर, युद्ध ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत न्हाय. गटार येतं, दिवाबत्ती येती."

म्हटलं, युद्ध येत नसेल, युद्धाचं कारण येतं ना पोस्टानं गावात? मग तेवढंच घ्या अखत्यारीत. कान खाजवत बसला.

शुक्र., १ मे
डायलिसिस ६४. सभा सकाळी दहाला आणि आम्ही बारामतीत. दुपारी फोन आला, शंभर डोकी जमली नाहीत, सभा तहकूब. पुढच्या शुक्रवारी. पुन्हा शुक्रवारच! तहकूब सभेला डोकी मोजत नाहीत, दहा आली तरी ठराव होतो. रशीदभाई म्हणतात, "सभेनं तुमचीच वाट बघितली म्हणायचं."

मंगळ., ५ मे
डायलिसिस ६५. ऊन भयंकर. मंदाला दिवसाला अर्धा लिटर पाणी, वर थेंब नाही. बाटलीला तिनं तीन रबरबँड लावलेत, सकाळ, दुपार, रात्र. नारळपाणी बंद, केळं बंद. दारात केळीची बाग असलेलं गाव आणि हिला केळं विष. आज दुपारच्या रबरापर्यंत सकाळीच आली. मी माठातलं पाणी तिच्यासमोर पीत नाही, परसात जाऊन पितो, आणि तिला ते माहीत आहे.

शेजारच्या खाटेवर डाळजचे एक आबा असतात. त्यांना ठरावाचं सांगितलं. म्हणाले, "मांडा मास्तर. आमच्या गावात तर बोलाय माणूसच न्हाय."

गुरु., ७ मे
उद्या सभेला थांबायचं की हिच्याबरोबर जायचं? ६५ वेळा एकदाही सोडलं नाही तिला. तीच म्हणाली, "जावा तुमी सभेला. रशीदभाऊ हायत की. मी काय नवी नवरी हाय व्हय, वाट चुकाय?" तिनं मला जा म्हणावं असं वाटत होतं, आणि म्हणाली तर राग आला.

शुक्र., ८ मे
डायलिसिस ६६. मी नव्हतो.

सभेला तीस-पस्तीस माणूस. विषय गटार, विषय दिवे, विषय स्मशानभूमीचा पत्रा. मग मी उभा राहिलो. बोललो. मास्तर म्हणतात ते कंडक्टर म्हणून; तीस वर्षं एसटीत "पुढं सरका" याच्यापलीकडं भाषण केलेलं नाही, पण आज बोललो. म्हणालो, टीव्हीवर जे फुटतं ते आपल्या दवाखान्यातनं उचलून नेलेलं असतं. टाळ्या नाहीत, पण सोपानतात्यांनी हात वर केला! त्यांच्यामागं सगळ्यांनी. डोळ्यात पाणी आलं, ते पुसतोय तोवर रशीदभाईंचा फोन. वहिनींचं बीपी एकदम खाली गेलं, मशीन थांबवलंय.

काय सुचेना. भाऊसाहेब म्हणाले, "जावा मास्तर, पळा. फक्त हितं सूचक म्हणून सही करा, मी लिहितो मागनं." केली आणि पळालो. बावड्याहून इंदापूर, इंदापूरहून बारामती. पोचलो तर मंदा उठून बसलेली, डाळजच्या आबांशी बोलत. मला बघून म्हणाली, "झाला का ठराव?"

झाला म्हणालो.

शनि., ९ मे
रात्री झोप नाही. पण ठराव झाला. तिला दोनदा सांगून झालं कुणाकुणाचे हात वर होते.

सोम., १८ मे
ठरावाची नक्कल लागते, वर पाठवायच्या अर्जाला जोडायला. आठ दिवस भाऊसाहेब भेटत नाहीत. मीटिंग, मग दुसरी मीटिंग. फोन उचलत नाहीत.

बुध., २० मे
नक्कल मिळाली. शिपायाच्या हाती पाठवली, स्वतः आले नाहीत. तेव्हाच समजायला हवं होतं. इथं उतरवून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही:

"ठराव क्र. ७. सद्य युद्धजन्य परिस्थितीत शासन घेत असलेल्या निर्णयांस ही ग्रामसभा एकमताने पाठिंबा देत आहे. परिस्थिती निवळेपर्यंत डायलिसिस कक्षाचे काम स्थगित ठेवण्यास ग्रामस्थांची हरकत नाही. सूचक: श्री. नामदेव रामचंद्र गावडे."

खाली माझी सही. माझीच, वळणासकट.

पान कोरं होतं. मी कोऱ्या पानावर सही केली. तीस वर्षांत कोऱ्या वेबिलावर, तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, कधी सही केली नाही. डेपोत साहेब म्हणायचे, भर नंतर, आणि मी म्हणायचो, आधी आकडे, मग सही. गाडी उशिरा सुटली तरी चालेल. आणि आता या वयात

लिहवत नाही.

गुरु., २१ मे
भाऊसाहेबांना त्यांच्या घरी गाठलं. चहा विचारला, नको म्हणालो. ओरडलो. त्यांची बायको आत गेली. शेवटी म्हणाले, "वरनं नमुना आला हुता मास्तर. पाठिंब्याचा. सगळ्या गावांनी उतरवला. तुमचा ठराव जसाच्या तसा लिहिला असता तर मला नोटीस आली असती." म्हटलं, पाठिंबा द्या नाहीतर आरती ओवाळा, पण खोलीला हरकत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणे दोन्ही एकाच नमुन्यात होतं, मोकळ्या जागेत फक्त कामाचं नाव भरायचं होतं.

मग हळूच: "सही तर तुमचीच हाय न्हवं?"

हात उचलणार होतो. नाही उचलला. आता दुरुस्ती कशी? तर पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा हरकत घ्यायची. पुढची सभा १५ ऑगस्टला. तोवर ते पान खरं.

शुक्र., २२ मे
डायलिसिस ७०. मंदाला अजून सांगितलेलं नाही. रशीदभाईंना सांगितलं, ती मशीनवर असताना. म्हणाले, "माझा पन हात वर झाला असता मास्तर, मी तितं असतो तर. आन् मी पन सही केली असती." बरं वाटलं नाही.

डाळजच्या आबांच्या पोरानं मोबाइलवर त्यांच्या गावचा ठराव दाखवला. पाठिंबा तोच, शब्द तेच. यांच्याकडं स्थगित आहे ती पाण्याची टाकी. आबा म्हणाले, आपण तर सभेला गेलोच नव्हतो.

शुक्र., २९ मे
डायलिसिस ७२. घरी आलो तर पाकीट, मशीनच्या त्याच जुन्या अर्जाचं. "ग्रामसभेच्या ठराव क्र. ७ अन्वये ग्रामस्थांची हरकत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." माझ्या अर्जाला माझाच ठराव मारला. कुणाशी भांडू? टीव्हीतल्या त्या देशांशी भांडू की माझ्या सहीशी?

मंदानं पाकीट हातातून घेतलं. दुसरीपर्यंतच शिकलेली, पण वाचते, बोट ठेवून. पत्र वाचलं, मग नक्कल मागितली, तीही वाचली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." एवढंच. मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात आपटली. मी सांगितलं, त्या दिवशी तुझ्या बीपीचा फोन आला म्हणून घाईत सही केली. तिकडून आवाज आला, "म्हंजी आता माझ्यावरच का?"

खरं आहे. तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हटलं गेलं.

रवि., ३१ मे
दोन दिवस बोलत नाही. बाटलीतलं पाणी मात्र नेमानं मोजून पिते. मी नसताना माठाकडं जाते की काय, म्हणून माठावर खडूनं खूण केली. नंतर लाज वाटली, पुसली.

हॉटेलात गेलो नाही. बाहेरूनच टीव्ही ऐकू आला. अजून चालूच आहे.

मंगळ., २ जून
डायलिसिस ७३. येताना गावात शिरल्यावर म्हणाली, "रशीदभाऊ, खोलीपाशी थांबवा जरा."

उतरली. मी हात दिला, घेतला. खिडकीची काच धुळीनं भरलेली, पदरानं पुसली. आत दोन खाटा, भिंतीला दोन नळ, दोन प्लग. एका खाटेवर पंचायतीच्या मंडपाच्या कनाती रचून ठेवलेल्या. म्हणाली, "खिडकीकडची माझी." मग गाडीत बसली.

शुक्र., ५ जून
डायलिसिस ७४. बरं गेलं. येताना बोलली, रशीदभाईंशी. त्यांच्या पोरीच्या लग्नाचं.

शनि., ६ जून
१५ ऑगस्टला द्यायचा हरकतीचा अर्ज लिहिला. मूळ ठराव शब्दाशब्दानं, युद्धाच्या खर्चासकट. एक शब्द कमी केला नाही. मंदाला म्हटलं, तूही सही कर, पेशंटची असली तर वजन येईल. म्हणाली, "आधी वाचू द्या."

वाचायला अर्धा तास लावला. "कृपावंत होऊन" असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं, मंगळवार-शुक्रवारांवर बोट ठेवत गेली. "इस फेऱ्या हायत मधी. पंधरा ऑगस्ट शनवारी हाय. शनवारी सुई न्हाय. मी येणार सभेला."

म्हटलं, बसवेल का तुला तेवढा वेळ? तोवर कसं असेल, काय असेल...

"त्ये बघू. ग्रामस्थांची हरकत न्हाय म्हनं. मी ग्रामस्थ न्हाय व्हय? मला इच्यारलं का कुनी?"

मीही विचारलं नव्हतं.

सही केली, पूर्ण नाव, मंदाकिनी नामदेव गावडे. सहीच्या वर दोन-तीन ओळींची जागा मोकळी राहिली होती. तिथं तिनं पेनानं आडव्या रेघा मारल्या, एकीखाली एक, पार कडेपर्यंत, आणि कागद माझ्याकडं सरकवला. आता मंगळवारी ७५.