आईच्या झाडाचं पाणी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.४०

आईच्या हिरव्या-पांढऱ्या पानांच्या मॉन्स्टेराच्या कुंडीत चॉपस्टिक खुपसून बघत होतो. माती ओली! पाणी देऊन नऊ दिवस झाले, वहीत तारीख आहे. मधल्या पानावर, पांढऱ्या भागात, तपकिरी डाग. रुंदी ११ मिलिमीटर. हे पान फेब्रुवारीत आईसमोर उघडलं. मार्चमध्ये ती गेली. नंतरची दोन पानं तिने पाहिली नाहीत.

(‘तपकिरी’च्या वेलांट्या तिच्याच शब्दकोशात तपासल्या.)

रविवार, ९ नोव्हेंबर

१४ मिलिमीटर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कारण कळलं — बाबाच! आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालतात. सांगितलं, बाबा, याला दहा दिवसांनी एकदा लागतं, मुळं कुजतात.

“तुळस इंग्लंडच्या थंडीत जगत नाही. मग पाणी घालायचं कुणाला? तुझी आई होती तेव्हा...” मग एकदम हसून, “चाळीस वर्षं लोकांची हाडं जोडली मी. आणि ए-लेव्हलची परीक्षा अर्धवट सोडलेला मुलगा मला शिकवतोय!”

पण कबूल केलं. आता घालणार नाहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

झाड कुंडीतून काढलं. निम्मी मुळं काळी, बुळबुळीत, सडक्या बटाट्यासारखा वास. कापली. बुरशी लागू नये म्हणून कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. बाबा दारात उभे — “आता फोडणी पण देणार का?” दोघंही हसलो. किती दिवसांनी!

साधं हिरवं मॉन्स्टेरा असतं तर एवढी भीती नव्हती. पांढऱ्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही, तो हिरव्यावर जगतो. म्हणून आधी तोच जातो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

तीन दिवस झाड माझ्या खोलीत ठेवलं. माती कोरडी होत आली, डाग वाढला नाही! उजेडासाठी परत पुढच्या खिडकीत ठेवलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

चिखल. कुंडीखालच्या बशीतसुद्धा पाणी साठलेलं.

बाबांना विचारलं. “मी नाही घातलं.” शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून. मी म्हणालो, तुम्ही खोटं बोलताय. असं त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो. ते चष्मा पुसत बसले. खूप वेळ पुसत होते.

लीड्सला कस्तुरीताईला फोन केला. ती वॉर्डमध्ये ड्यूटीवर, घाईत. “समर, अरे झाडावरून बाबांना खोटारडा म्हणालास? आधी जाऊन सॉरी म्हण.”

नाही म्हणणार. माती ओली आहे. पाणी मी घातलेलं नाही. घरात तिसरं आहे कोण?

शनिवार, २२ नोव्हेंबर

आईचं पान कापलं. सगळं तपकिरी झालं होतं, देठ बोटांत नुसता पिचला. जपून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बागेच्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये टाकलं, आणि झाकण लावून तिथेच उभा राहिलो.

बाकीची दोन पानंही गेली. कुंडीत खोडाचा वीतभर तुकडा राहिलाय, त्यावर एकच जिवंत डोळा. तोही गेला तर तिच्या हातचं जिवंत असं काही घरात राहणार नाही.

जेवताना बाबांशी बोललो नाही. त्यांनी माझ्या ताटात पोळी वाढली. तरी नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०

जिन्यात उभा राहिलो. पकडायचंच होतं त्यांना.

आंघोळ करून आले. पाणी घातलं, हात जोडले, किचनमध्ये गेले. मी ओरडणार तेवढ्यात परत आले — तांब्या भरलेला. पुन्हा घातलं. पुन्हा हात जोडले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी समोर जाऊन उभा राहिलो.

“बरं झालं उठलास,” म्हणाले. “आज तिच्या झाडाला पाणी घालायचं राहिलंच बघ.”

“घाला, बाबा,” म्हणालो.